ज्योत का विझते? एका प्रबंधाची गोष्ट

आफ्टरबर्नरमध्ये वायू सेकंदाला १०० मीटरहून जास्त वेगाने धावतो. ज्योत मात्र सेकंदाला काही मीटरच सरकू शकते. मग ती टिकते कशी? वाऱ्यात पणतीला आपण हाताचा आडोसा करतो ना, तसंच. प्रवाहात व्ही आकाराची पन्हळ आडवी बसवतात. तिच्यामागे गरम वायू भोवऱ्यासारखा फिरतो आणि ताजं मिश्रण पेटवत राहतो.

पण वेग फार वाढला की ज्योत विझते. अडथळा बदलला की विझण्याचा वेगही बदलतो. मग नियम कसा शोधायचा?

कॅल्टेकमध्ये फ्रँक मार्बल यांच्या हाताखाली पीएच.डी. करणाऱ्या एडवर्ड झुकोस्कीने याच विषयावर १९५४ मध्ये प्रबंध दिला. या दोघांनी अडथळ्याच्या आकाराऐवजी त्यामागच्या गरम भोवऱ्याची लांबी मोजली. तिला वेगाने भागलं, की ताज्या मिश्रणाला पेटायला मिळणारा वेळ कळतो. तो ठरावीक मर्यादेखाली गेला, की ज्योत विझते. प्रवाह पुरेसा खळबळता असेल, तर ही मर्यादा मुख्यतः मिश्रणावर ठरते. अडथळा कोणताही असो!

म्हणून तुमचे आकडे विखुरलेले दिसले, तर लगेच प्रयोगाला दोष देऊ नका. आपण नेमकं काय मोजतोय, हे आधी तपासा.