कॅमेरा घ्यायचाय? आधी थोडा इतिहास ऐका

आजच्या भागाची सुरुवात एका फोनने झाली. माझा मावसभाऊ, वय २२. मित्रांच्या लग्नात मोबाइलवर फोटो काढतो आणि खरंच चांगले काढतो. आता त्याला लग्नाच्या ऑर्डर घ्यायच्यात. साठवलेले ४० हजार खिशात घेऊन तो दुकानात उभा होता. म्हणाला, "दादा, एक १८ मेगापिक्सेलचा आहे, एक २४ चा. २४ वालाच घेऊ ना?"

मी म्हटलं, "आज काहीच घेऊ नकोस. घरी जा, रात्री बोलू."

कारण ही चूक मी कॉलेजात असताना करून बसलोय. खोक्यावरचा आकडा बघून डीएसएलआर घेतला, सगळे पैसे बॉडीत घातले, लेन्ससाठी काही उरलंच नाही. तो कॅमेरा सध्या माझ्या कपाटात धूळ खातोय. म्हणून त्या रात्री त्याला जे सांगितलं, तेच आज तुम्हालाही सांगतो.

गोष्ट १९७५ ची. अमेरिकेत रॉचेस्टरला कोडॅक कंपनीत स्टीव्ह सॅसन नावाचा पंचविशीतला इंजिनिअर होता. त्याने पहिला डिजिटल कॅमेरा जोडला. वजन साधारण साडेतीन किलो, फोटो ब्लॅक अँड व्हाइट, रिझोल्यूशन १०० बाय १००. म्हणजे ०.०१ मेगापिक्सेल! एक फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागायचे. कॅसेटवर ३० फोटो मावतील असं त्याने ठरवलं, कारण लोकांना २४ आणि ३६ फोटोंच्या रोलची सवय होती, म्हणून मधला आकडा. मला हे फार आवडतं. तंत्र नवं होतं, पण विचार वापरणाऱ्याच्या सवयीचा होता.

पुढे १९९१ मध्ये कोडॅकने डीसीएस हा कॅमेरा बाजारात आणला. निकॉन एफ३ ची बॉडी, १.३ मेगापिक्सेल, आणि हार्ड डिस्कचा वेगळा डबा खांद्याला लटकवायचा. किंमत सुमारे २० हजार डॉलर. एवढे पैसे कोण देणार? वृत्तपत्रवाले! त्यांना फोटो देखणा असण्यापेक्षा छपाईच्या वेळेआत हातात असणं महत्त्वाचं होतं. रोल धुण्याचा वेळ वाचला की बातमी वाचली. गरज स्पष्ट होती, म्हणून तो महागडा, अवजड डबासुद्धा त्यांना परवडला.

आता घरगुती ग्राहकाकडे येऊ. १९९४ मध्ये अ‍ॅपलने क्विकटेक १०० आणला. फोटो ६४० बाय ४८०, पण काढलेला फोटो बघायला मागे स्क्रीनच नाही. पुढच्याच वर्षी कॅसिओचा क्यूव्ही-१० आला. त्याचा फोटो आणखी लहान, ३२० बाय २४०, पण मागे छोटी एलसीडी स्क्रीन होती. काढला की लगेच बघा. कागदावर क्विकटेक सरस, पण लोकांना भावला कॅसिओ. आज आपण फोटो काढला की पहिल्यांदा स्क्रीनकडे बघतो, ती सवय त्याच काळात लागली.

मग आकड्यांची शर्यत सुरू झाली. २००३ मध्ये कॅननचा ६.३ मेगापिक्सेलचा ३००डी आला आणि डीएसएलआर पहिल्यांदा १००० डॉलरच्या आत मिळू लागला. दुसरीकडे खिशात मावणारे छोटे कॅमेरे १० मेगापिक्सेलच्याही पुढे निघाले. पण त्यांचा सेन्सर ३००डी च्या सेन्सरच्या साधारण बारावा हिस्सा! पावसात परात ठेवा आणि शेजारी वाटी ठेवा. पाणी कशात जास्त जमेल? प्रकाशाचंही तसंच आहे. वाटीचे कितीही कप्पे पाडले, तरी तिच्यात पडणारा पाऊस वाढत नाही. शेवटी २००९ मध्ये कॅननच मागे फिरली. जी१० मध्ये १४.७ मेगापिक्सेल होते, नंतरच्या जी११ मध्ये १०. अंधारातले फोटो सुधारावेत म्हणून.

पुढचं आपण डोळ्यांनी पाहिलंय. २०१० मध्ये जगभरात १२ कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले होते. २०२३ मध्ये तो आकडा ८० लाखांच्याही खाली होता. सहलीचा, वाढदिवसाचा कॅमेरा मोबाइलने गिळला. उरला तो मोबाइलला न जमणाऱ्या कामाचा कॅमेरा.

आता भावाचा हिशोब. पहिला प्रश्न, फोटो बघणार कुठे? फुल एचडी स्क्रीनला २ मेगापिक्सेल पुरतात. १२ बाय १८ इंचाचं अल्बमचं पान उत्तम छापायचं तर १९ च्या आसपास. म्हणजे १८ आणि २४ मधला फरक अल्बममध्ये कुणाला दिसणारही नाही. दुसरा प्रश्न, प्रकाश किती? मंगल कार्यालयात, संध्याकाळी. कॅमेऱ्यासोबत मिळणारी १८-५५ ची किट लेन्स पूर्ण झूम केली की तिचं तोंड एफ/५.६ वर येतं. त्याऐवजी ५० एमएमची एफ/१.८ घेतली तर जवळपास दहापट प्रकाश आत येतो. मेगापिक्सेल वाढवून हे कधीच मिळत नाही. तिसरा प्रश्न, पैसे कशात टिकतात? निकॉनचा एफ माउंट १९५९ चा. १९९१ च्या त्या २० हजार डॉलरच्या कॅमेऱ्यालाही तोच होता. तो कॅमेरा आज संग्रहालयात शोभेल, पण त्या काळच्या चांगल्या लेन्सवर आजही फोटो निघतात. बॉडी जुनी होते, लेन्स टिकते.

आणि ज्याला फक्त रील्स आणि घरचे फोटो हवेत, त्याने कॅमेरा घेऊच नये. हातातला फोन पुरे.

सगळं ऐकून भाऊ जरा गप्प झाला. मग म्हणाला, "दादा, तुझ्या कपाटातला मला देतोस का?"

दिला. त्याने त्याला बसणारी ५० एमएम लेन्स, एक फ्लॅश आणि जादा बॅटरी घेतली. तरीही अर्ध्याहून जास्त पैसे शिल्लक आहेत. पुढच्या महिन्यात पहिलं लग्न आहे, एका अनुभवी फोटोग्राफरच्या हाताखाली. ऑर्डर मिळतील की नाही ते तेव्हा कळेल. पण नाही मिळाल्या, तरी त्याची सगळी पुंजी एका खोक्यात अडकलेली नसेल.

तुमच्याही कपाटात असा एखादा कॅमेरा असेल, तर आज बाहेर काढा आणि बॅटरी चार्जिंगला लावा. भेटू पुढच्या भागात!