लिनक्स कर्नल आणि रस्ट

लिनक्स या कार्यप्रणालीच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, सी भाषेच्या जोडीने रस्ट ही भाषा वापरण्याचा उपक्रम. १९९१ पासून हा कर्नल मुख्यतः सीमध्येच लिहिला गेला. सी प्रोग्रामरला मेमरीवर मोकळा हात देते, पण घेतलेली जागा परत करणे, ॲरेची हद्द सांभाळणे हे सगळे त्याच्याच गळ्यात घालते. परत केलेली जागा दुसऱ्या फंक्शनने जुन्या पॉइंटरवरून वाचली, तरी कंपायलर बहुधा अवाक्षर काढत नाही. कर्नलमधल्या अशा एका चुकीतून हल्लेखोराला अख्ख्या यंत्राचा ताबा मिळू शकतो.

रस्टचा आरंभ ग्रेडन होर यांनी २००६ मध्ये केला. पुढे मोझिलाने पाठबळ दिले आणि मे २०१५ मध्ये १.० आवृत्ती आली. प्रत्येक मूल्याला मालक एकच, इतरांना ते फक्त उसने मिळते, आणि हा हिशेब कंपायलर तपासतो. म्हणून वापरून झालेली मेमरी चालू प्रोग्राममध्ये गोळा करणारा गार्बेज कलेक्टर लागत नाही, आणि कर्नलला रस्ट मानवते ती यामुळेच. लॉकचेच घ्या. ‘हे फील्ड वाचण्याआधी अमुक लॉक घ्या’ ही सूचना सीमध्ये बरेचदा नुसत्या कॉमेंटमध्ये असते आणि घाईत ती नजरेतून सुटते. रस्टमध्ये डेटा लॉकच्या आतच ठेवतात. लॉक न घेता त्याला हात लावणारा कोड कंपाइलच होत नाही. हार्डवेअरशी थेट बोलताना मात्र ‘अनसेफ’, म्हणजे ज्याची कंपायलर पूर्ण हमी देत नाही असा, कोड लिहावाच लागतो. तो भाग थोडक्या जागी कोंडून ठेवणे, हे खरे कसब.

मिगेल ओजेडा यांनी कर्नलमध्ये रस्ट आणण्याचा प्रस्ताव एप्रिल २०२१ मध्ये मांडला. मेमरी मिळाली नाही म्हणून पॅनिक होणारा, म्हणजे तिथेच बंद पडणारा, कोड कर्नलमध्ये चालणार नाही, हा लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांचा आक्षेप बिनतोड होता. मेमरी-वाटपाची पद्धत त्यानुसार बदलावी लागली. डिसेंबर २०२२ मध्ये ६.१ आवृत्तीत रस्ट प्रायोगिक म्हणून दाखल झाली. पुढे वाद अडला तो देखभालीवर: सीमधला इंटरफेस बदलला, तर त्यावर बेतलेला रस्ट कोड कोणी दुरुस्त करायचा? कर्नलचे भाग सांभाळणाऱ्या मेंटेनरांची ही काळजी रास्तच होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये टोरवाल्ड्स यांनी निवाडा दिला: ज्याला रस्ट नको त्याने तिच्यात लक्ष घालू नये, पण इतरांना आडकाठीही करू नये. डिसेंबर २०२५ मध्ये टोकियोतील मेंटेनरांच्या बैठकीत ‘प्रायोगिक’ हा शिक्का काढण्याचे ठरले.

जुना सी कोड सरसकट नव्याने लिहिण्याचा बेत नाही; भर नव्या ड्रायव्हरांवर आहे. हा मार्ग फलदायी आहे हे अँड्रॉइडने दाखवले. तिथे नवा कोड रस्टसारख्या सुरक्षित भाषांत लिहिण्यावर जोर दिल्यावर सुरक्षा-त्रुटींमधला मेमरीच्या चुकांचा वाटा २०१९ मधील ७६ टक्क्यांवरून २०२४ मध्ये २४ टक्क्यांवर आला.