सुगरणीचा खोपा आणि जात्यावरचे गाणे

खानदेशात मृगाचा पाऊस पडून गेला, की विहिरीवर झुकलेल्या बाभळीला सुगरणीचे खोपे लोंबू लागतात. आपण सर्वजणी ते लहानपणापासून पाहत आलो. आपण पाहिले आणि पुढे गेलो. परंतु आपल्या जळगावला लागून असलेल्या असोद्याची एक लेक तेथे थांबली आणि त्या विणीचे तिने गाणे केले. तिची हकीकत ठाऊक नाही अशी भगिनी आपल्यात विरळाच. तरीही आजच्या दिवशी ती पुन्हा एकदा आठवावी असे वाटते.

बहिणाबाईंचा जन्म २४ ऑगस्ट १८८० चा. तेराव्या वर्षी लग्न होऊन त्या जळगावच्या चौधरींच्या घरी आल्या आणि ऐन तिशीत त्यांना वैधव्य आले. अक्षरओळख नव्हती. घर, शेत, मुले आणि भाऊबंदकी हीच त्यांची शाळा. कामाच्या ओघात ओठांवर ओव्या येत, त्याही आपल्या घरच्या लेवा बोलीत.

आता खोप्याची रचना पाहा. गवताच्या किंवा उसाच्या पात्याची कड चोचीत धरून पाखरू उडते, तेव्हा लांब बारीक चीर निघते. ती चीर फांदीला गुंडाळायची, तिच्यात दुसरी ओवायची, गाठ मारायची. प्रथम एक कडे होते, मग टोपीसारखा घुमट, एका अंगाला अंड्यांची खोली, दुसऱ्या अंगाला खाली उतरणारी नळी. घुमटाच्या आत ओल्या मातीचे गोळेही लिंपलेले असतात. शेकडो खेपांचे हे काम, आणि हत्यार एकच : चोच!

येथे एक गंमत सांगावीशी वाटते. १९३० साली सलीम अली यांनी अलिबागजवळच्या किहीम गावी या पाखरांचे बारकाईने निरीक्षण केले. त्यांना आढळले, की खोपा विणतो तो नर. अर्धे घर झाले की मादी येऊन ते आतून-बाहेरून पारखते. पसंत पडले तरच राहते आणि मग नर उरलेले काम पुरे करतो. अंडी उबवणे मात्र तिच्या एकटीकडे. मग आपल्या लोकांनी पाखराला सुगरण हे बाईचे नाव का दिले असावे? मला वाटते, नीटनेटका संसार दिसला, की आपल्या डोळ्यांपुढे बाईच उभी राहते. बहिणाबाईंनीही त्या खोप्यात आईच पाहिली. शास्त्राने नर दाखवला म्हणून गाणे खोटे ठरत नाही. त्यात गाणारीचा स्वतःचा संसार विणलेला आहे.

आणि वीण हाच शब्द येथे योग्य आहे. खोप्याच्या गाण्यात आठ-आठ अक्षरांचे चरण एकामागून एक येतात. जाते फिरवताना खुंटा दूर जातो आणि परत येतो. ओवीही तशीच जाते आणि यमकावर परतते. तोच शब्द पुन्हा येऊन मागच्या शब्दात अडकतो, जशी पात्याची एक चीर दुसरीत. डोळ्यांना दिसलेली रचना कानाला ऐकू यावी, ती अशी.

अलीकडे अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यापीठात मार्कुस ब्यूलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोळ्याच्या जाळ्याचा प्रकाशकिरणांनी नकाशा घेतला, धाग्यांच्या लांबीप्रमाणे स्वर नेमले आणि जाळे वाजवून दाखवले. त्यांनी आपले काम २०२१ साली विद्वानांपुढे मांडले. मोठेच कौतुकाचे काम. यंत्राने मोजून केलेले. आमच्या बहिणाबाईंपाशी मोजायला डोळे होते आणि ताल धरायला कामाचे हात.

परंतु हे सारे जवळजवळ हरवलेच होते. पुत्र सोपानदेव आणि त्यांचे मावसबंधू यांनी ऐकता ऐकता काही गाणी टिपून ठेवली, म्हणून ती उरली. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ हे पुस्तक निघाले. ज्या बाईला सही करता येत नव्हती, तिचे नाव २०१८ पासून जळगावच्या विद्यापीठाला आहे.

आणि ज्यांच्या घरी लिहून घेणारे कोणी नव्हते, त्यांचे काय? अमळनेरला शिक्षक असलेल्या साने गुरुजींनी बायकांच्या ओव्या वेचून ‘स्त्रीजीवन’ सिद्ध केले. पुढे पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी खेडोपाडी हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. माझी आजीही धुळ्याच्या घरी पहाटे दळताना गात असे. मी तिच्या मांडीवर डोके ठेवून झोपून जाई. आज जाते अंगणात पालथे पडले आहे आणि मला तिची एकही ओवी पुरी आठवत नाही. पाटी-पेन्सिल होती, शाळा होती. लिहून घ्यावे हे मात्र सुचले नाही.

तेव्हा भगिनींनो, एवढीच विनंती. ज्यांच्या घरी सासू, आजी, आत्या अजून गुणगुणतात, त्यांनी आज रात्रीच त्यांच्याजवळ बसावे आणि जे ऐकू येईल ते त्यांच्याच बोलीत, शुद्ध करण्याच्या फंदात न पडता, उतरवून घ्यावे. खोपा वाऱ्याने पडला तर पाखरू पुढच्या पावसाळ्यात दुसरा विणते. गेलेली ओवी मात्र परत येत नाही.