शेर, मापटं, चिपटं

गेल्या दिवाळीआधी शारजात नातीने माझ्या आईची वही उघडली आणि भाजणीच्या पहिल्याच ओळीला अडली. ‘तांदूळ १ शेर, हरभऱ्याची डाळ १ मापटं, उडदाची डाळ १ चिपटं, धने-जिरे बेताने.’ मोबाइलवर शेर सापडला, ९३३ ग्रॅम. बाकीचं तिने मला विचारलं, “आजोबा, तुम्ही इतिहासाचे ना?” मी अधिकारवाणीने सांगितलं, चिपटं म्हणजे अर्धा शेर आणि मापटं पाव. चकल्यांना ना काटा आला ना खुसखुशीतपणा.

उलटं सांगितलं होतं मी. दोन चिपट्यांचं एक मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. शिवाय ९३३ ग्रॅमचा शेर वजनाचा, ८० तोळ्यांचा. धान्य मोजायचा शेर मापाचा, आणि तो गावोगाव लहानमोठा असे. पण भाजणीला त्याचं काही अडत नाही. सगळं एकाच मापाच्या कुळातलं, म्हणजे चारास दोन, दोनास एक. चहाचा कपही चालतो.

मेट्रिक पद्धतीचा कायदा १९५६चा. १९५८पासून ती लागू होत गेली आणि शेर-मापटी माळ्यावर गेली. वही त्याआधीची. (तेव्हा दुबईच्या बाजारात भारतीय रुपया चालत होता! १९५९मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या, त्या इथे १९६६पर्यंत चालल्या.) १९७०मध्ये कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ आलं, वाटी-चमच्याच्या मापात. माझी पत्नी ते घेऊनच आखातात आली. तुमच्यापैकी अनेकांच्या बॅगांतूनही ते आलं असेल. आई-सासू जवळ नसलेल्या मुलींवर त्या पुस्तकाचे उपकार मोठे आहेत. आमच्याकडे मात्र त्याच्यामुळे वही उघडायची गरजच पडली नाही, आणि मापं समजावून सांगणारी माणसं एकेक करून गेली.

नातीने आईच्या ओळीखाली पेन्सिलीने लिहिलं आहे : ४ कप, २ कप, १ कप. ‘बेताने’पुढची जागा तिने मोकळी ठेवली आहे. तो बेत पत्नीला हाताने ठाऊक होता; तिला विचारायचं राहून गेलं. यंदा अर्धा कप धने आणि पाव कप जिरे घालून पाहतो आहोत. कुणाच्या घरच्या जुन्या वहीत याचा आकडा असेल तर जरूर कळवा.