लाल कंधारी आणि आमचे आबा

गोव्यात कोणाला सांगितले की माझे आजोळ आदिलाबादकडचे, तर पहिला प्रश्न ठरलेला, "म्हणजे आई तेलुगू का?" नव्हे. आई मराठी, घरातली पोथी मराठी, पोळाही मराठी. मग ती माणसे तिकडे गेली कशी, हा दुसरा प्रश्न. ती कुठेही गेली नाहीत. जिल्हा बदलला.

बासरच्या सरस्वतीला आपल्यातले काहीजण जाऊन आले असतील. तो सगळा मुधोळ-भैंसा भाग निजामाच्या राज्यात नांदेड जिल्ह्यात होता. (शिकारी कुत्र्यांचे मुधोळ कर्नाटकातले, ते वेगळे.) १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा मुधोळ तालुका आंध्रातल्या आदिलाबाद जिल्ह्याला जोडला गेला आणि उलट आदिलाबादचा किनवट तालुका नांदेडला आला. पुढे २०१४ साली तेलंगण झाले, २०१६ साली आदिलाबादचेही चार जिल्हे झाले आणि आजोळचे गाव निर्मल जिल्ह्यात गेले. घराची एक वीट हलली नाही.

आईचे वडील, आमचे आबा, शेतकरी होते. पण गावात त्यांची ओळख वळूवाले म्हणून. त्यांच्याकडे लाल कंधारी जनावरे होती. नांदेड जिल्ह्यातल्या कंधारवरून हे नाव पडले. अंगभर एकच लाल रंग, वळूचा गाईपेक्षा गडद. कपाळ रुंद, कान लांब आणि लोंबते. काळ्या जमिनीत औताला हे बैल फार चिवट. दूध मात्र बेताचे, एका वेताला सरासरी सहाशे लिटरच्या आसपास. शेजारच्या उदगीर-देवणी भागातली देवणी गाय दुधाला बरी. तिच्यात पांढऱ्या अंगाची आणि काळ्या तोंडाची 'वानेरा' असते, ती दिसायलाही देखणी. पण आबांना लालच आवडे. आवडीला कारण नसते.

वळू तयार कसा होतो, हे मी त्यांच्या दावणीला बघितले. गोऱ्हा निवडताना ते आधी त्याची आई बघत. तिचे वेत किती अंतराने झाले, कास कशी आहे, ती लाथ मारते का. अंगावर पांढरा ठिपका दिसला की तो गोऱ्हा औताला. निवडलेल्याला दोन सडांचे दूध सोडलेले असे, मग घरात चहा कोरा झाला तरी चालेल. आजी त्यावरून करवादायची. तिचे बरोबरच होते, पोरेही घरात होतीच की.

सगळ्यात कडक नियम पुढचा होता. कालवड तीन वर्षांच्या पुढे माजावर येते. म्हणजे वळू गावात चारेक वर्षे फिरला की त्याच्याच लेकी त्याच्यासमोर यायला लागतात. त्याआधी तो गावातून गेला पाहिजे. म्हणून आबांचा कंधार-मुखेडकडच्या ओळखीच्या घरांशी अदलाबदलीचा करार होता. त्यांचा वळू इकडे, आबांचा तिकडे. पैसा नाही, कागद नाही. १९५६ नंतर मधे राज्याची सीमा आली, पण अदलाबदल थांबली नाही. गावच्या गाई फुकट दाखवल्या जात. पोळ्याला वळूच्या गळ्यात गाव माळ घालायचा, तोच मोबदला.

आमच्याकडे गोव्यात बैल दाखवायचा म्हणजे धिरयो, झुंज. तिकडे बैल दाखवायचा म्हणजे माळेगावची यात्रा. लोहा तालुक्यातल्या खंडोबाची ही यात्रा मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला सुरू होते. घोडे, गाढवे, उंट, बैल, सगळ्यांचा बाजार, शिवाय कुस्त्या आणि तमाशाचे फड. नांदेड जिल्हा परिषद तिथे पशुप्रदर्शन भरवते, लाल कंधारीला आणि देवणीला बक्षिसे देते. आबा वळू चालवत नेत. रोज पंधरा मैलांपेक्षा जास्त नाही, कारण थकलेले जनावर मान टाकते आणि मान टाकलेले जनावर कोणी बघत नाही. वाटेत ते स्वतः शिळी भाकरी खात आणि वळूला पेंड.

कुठल्याशा एका प्रदर्शनात अर्ज भरताना ते 'जिल्हा' या रकान्यापाशी अडकले. टेबलामागचा माणूस म्हणाला, "आदिलाबाद? मग हा कंधारी कसा?" आबा म्हणाले, "साहेब, त्याला विचारा." मी स्वतः सरकारी कारकून आहे, रकाना रिकामा ठेवता येत नाही, हे मला समजते. तरीही ही गोष्ट आठवली की मी आबांच्या बाजूने असतो.

हे सगळे मोडले ते सीमेमुळे नव्हे. ट्रॅक्टर आला, औताच्या बैलाचे काम संपले. कृत्रिम रेतनाने जर्सी आणि होल्स्टीनचे बीज दारात आले, आणि दुधाचे पैसे रोख मिळायला लागले. गरीब माणसाने संकरित गाय घेतली यात मला चूक दिसत नाही. पण गावचा वळू ठेवणे कोणाचेच काम उरले नाही. आता कर्नालची राष्ट्रीय संस्था देशी जातींची नोंद करते. लाल कंधारी तिथे आहे, देवणी आहे, आणि आपली गोव्याची पांढरी शुभ्र श्वेतकपिलाही आहे. नोंदीत जातीची लक्षणे आहेत. ती लक्षणे पिढ्यान्‌पिढ्या कोणी राखली, हा रकाना मला तिथे दिसला नाही.

आबांनी एक अक्षर लिहून ठेवले नाही. आईला मात्र दावणीची वंशावळ पाठ आहे. गेल्या दिवाळीत मी ती लिहून घेतली, गाईंच्या सहा पिढ्यांची. लाली, तिची मैना, मैनेची चंद्री, असे पुढे. वळूंपुढे नावे नाहीत. तिथे आई फक्त गाव सांगते: मुखेडचा, कंधारचा, परत मुखेडचा, मग आपलाच.