विंबल्डनची हिरवळ आणि दूरचित्रवाणी

एखादा जुना नियम मोडून पडतो तो विधिमंडळात किंवा न्यायासनापुढे, अशी आम्हा वकिलांची सहज समजूत असते. परंतु इतिहास चाळून पाहता कित्येक नियम निराळ्याच रीतीने लयास गेलेले आढळतात. वस्तुस्थिती लोकांच्या डोळ्यांना दिसू लागते, आणि मग त्या नियमाची तरफदारी करण्यास कोणी पुढे येत नाही. लंडनच्या विंबल्डन या उपनगरात भरणाऱ्या टेनिस स्पर्धेच्या दूरचित्रवाणी-प्रक्षेपणाचा इतिहास या दृष्टीने मनन करण्याजोगा आहे.

ही स्पर्धा प्रथम भरली १८७७ साली. त्या वर्षी अवघे बावीस खेळाडू उतरले होते, आणि अंतिम सामना पाहावयास सुमारे दोनशे लोक एकेक शिलिंग देऊन आले होते. पुढे पन्नास वर्षांनी, १९२७ मध्ये, बी. बी. सी.ने तेथील खेळाचे धावते वर्णन नभोवाणीवरून ऐकविले. आणि २१ जून १९३७ रोजी दूरचित्रवाणीचा डोळा विंबल्डनच्या मुख्य मैदानावर प्रथमच उघडला. त्या दिवशी इंग्लंडचा बनी ऑस्टिन आणि आयर्लंडचा जॉर्ज रॉजर्स यांचा सामना चालू होता. कॅमेरे दोन, प्रक्षेपण दिवसाकाठी फार तर अर्धा तास. चित्र बिनतारी मार्गाने उत्तर लंडनमधील अलेक्झांड्रा पॅलेसच्या केंद्राकडे जाई व तेथून लंडन परिसरातील मूठभर यंत्रधारकांच्या घरी उमटे. अवघ्या महिन्यापूर्वी सहाव्या जॉर्जच्या राज्यारोहणाची मिरवणूक ज्या फिरत्या पथकाने दाखविली, त्याच पथकाचा हा पुढचा पराक्रम होता.

योगायोग असा की, त्याच १९३७ साली ऑस्ट्रेलियाच्या हाय कोर्टापुढे एक मार्मिक प्रश्न उपस्थित झाला. सिडनीतील व्हिक्टोरिया पार्क या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानाशेजारी टेलर नावाच्या गृहस्थाची जमीन होती. तीत उंच माचाण उभारून, कुंपणावरून शर्यती पाहात, नभोवाणीचा निवेदक त्यांचे वर्णन प्रसृत करू लागला. मैदानाच्या मालकांचे उत्पन्न घटले व त्यांनी मनाई हुकूम मागितला. पाचांपैकी तीन न्यायाधीशांनी तो नाकारला. कौल असा की, देखाव्यावर कोणाची मालकी नसते. शेजाऱ्याची दृष्टी नको असेल तर मालकाने आपले कुंपण उंच करावे. देवळाच्या प्रांगणात होणारे नाटक आणि तिकीट लावून बंद मंडपात होणारे नाटक यांत आपणही असाच भेद मानतो. दाखविणाऱ्याचा हक्क नाटकात नसून मंडपाच्या दारात असतो. विंबल्डनचे दार ऑल इंग्लंड क्लबच्या स्वाधीन होते. म्हणून कॅमेरा तेथे आला तो क्लबच्या अनुज्ञेने, पाहुणा म्हणून.

या यजमानाच्या घरात एक नियम मात्र फार कडक होता. टेनिस हा सभ्य गृहस्थांचा छंद; सबब, खेळून उघडपणे पैसा मिळविणाऱ्या ‘धंदेवाईक’ खेळाडूस विंबल्डनचे दार बंद. नियम दिसावयास उदात्त होता. प्रत्यक्षात नामांकित ‘हौशी’ खेळाडूंना प्रवासखर्चाच्या नावाखाली टेबलाखालून भरघोस रकमा पोहोचत. जो हे लपवून घेई तो प्रतिष्ठित. जो करार करून, पावती देऊन घेई तो बहिष्कृत! १९४७ चा विजेता जॅक क्रॅमर, १९५६ व १९५७ चा विजेता ल्यू होड, १९६२ मध्ये चारही प्रमुख स्पर्धा एकाच वर्षी जिंकणारा रॉड लेव्हर, असे एकाहून एक सरस खेळाडू व्यवसायी होताच या हिरवळीस मुकले. १९६० व १९६१ मध्ये विंबल्डनच्या उपांत्य फेरीपर्यंत पोहोचलेल्या आपल्या रामनाथन कृष्णन यांनाही क्रॅमरचे बोलावणे आले होते. ते त्यांनी स्वीकारले नाही. स्वीकारते, तर विंबल्डन आणि डेव्हिस चषक दोन्ही त्यांना दुरावले असते. हा नियम बदलण्याचा ठराव १९६० मध्ये पॅरिस येथे आंतरराष्ट्रीय संघटनेपुढे आला होता. आवश्यक बहुमतास केवळ पाच मते कमी पडली आणि ढोंग पुढे चालू राहिले.

सभागृहास जे साधले नाही ते सात वर्षांनी पडद्याने साधले. १ जुलै १९६७ रोजी बी. बी. सी.च्या दुसऱ्या वाहिनीने युरोपातील पहिले नियमित रंगीत प्रक्षेपण सुरू केले, ते विंबल्डनच्याच खेळाने. त्या वर्षी ‘हौशी’ पुरुषांचा अंतिम सामना अगदीच एकतर्फी झाला. जॉन न्यूकोंबने विल्हेल्म बुंगर्टला ६-३, ६-१, ६-१ असे सहज हरविले. पुढच्याच महिन्यात बी. बी. सी.च्या आर्थिक साहाय्याने आणि क्लबच्या संमतीने त्याच मैदानावर आठ व्यवसायी खेळाडूंची स्पर्धा झाली. लेव्हर, केन रोझवॉल, होड, पांचो गोन्झालेझ असे वर्षानुवर्षे बाहेर ठेवलेले पुरुष आत आले. अंतिम सामन्यात लेव्हरने रोझवॉलवर मात केली. शेवटचा डाव १२-१० पर्यंत रंगला. प्रेक्षागार गजबजलेले होते आणि घरोघरच्या पडद्यावर तोच खेळ दिसत होता. जुलैचा विजेता आणि ऑगस्टचा विजेता यांची तुलना करण्यास कोणा तज्ज्ञाची साक्ष नको होती. उत्तम खेळाडू कोणते व ते कोठे आहेत, हे पंचांपासून गृहिणीपर्यंत सर्वांना दिसून चुकले.

न्यायशास्त्रात प्रत्यक्ष पुराव्यास अनुमानाहून वरचढ मानतात, त्याचे याहून सुंदर उदाहरण मिळणे कठीण. त्याच वर्षीच्या डिसेंबरात ब्रिटिश टेनिस संघटनेने हौशी आणि व्यवसायी हा भेद प्रचंड बहुमताने रद्द केला, आणि ३० मार्च १९६८ रोजी आंतरराष्ट्रीय संघटनेनेही पॅरिस येथे खुल्या स्पर्धांस मान्यता दिली. १९६८ चे विंबल्डन सर्वांस खुले झाले. लेव्हर पुनश्च विजयी झाला व त्याला दोन हजार पौंड मिळाले, तेही राजरोस. स्त्रियांत विजयी झालेल्या बिली जीन किंग यांना मात्र साडेसातशेच पौंड देण्यात आले! एक अन्याय दूर झाला, तोच दुसरा आकड्यांत उघडा पडला. विंबल्डनमध्ये स्त्रीपुरुषांची बक्षिसे समान व्हावयास २००७ साल उजाडावे लागले.

तथापि या पाहुण्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. १९३७ मध्ये अनुज्ञेने आलेला कॅमेरा हळूहळू घरचा कारभारी होऊ लागला. पडद्यावर नीट दिसावा म्हणून टेनिसचा चेंडू अन्यत्र पिवळा झाला. विंबल्डनने पांढरा चेंडू १९८६ पर्यंत सोडला नाही. १९७९ पासून तेथील अंतिम सामना अमेरिकेत त्याच क्षणी दिसू लागला, आणि १९८२ पासून पुरुषांचा अंतिम सामना शनिवारऐवजी रविवारी ठेवण्यात आला. प्रक्षेपणाचा हक्क ही मोठी दौलत बनली. मग भय उत्पन्न झाले ते असे की, ज्या यंत्राने कुंपण ओलांडून खेळ सर्वांच्या दाराशी नेला, तेच यंत्र आता पैसे मोजणाऱ्यांपुरते नवे कुंपण घालील.

यावर उपाय करण्यास मात्र कायद्यासच पुढे यावे लागले. ब्रिटनमध्ये १९९६ च्या प्रक्षेपण कायद्याखाली काही क्रीडाप्रसंगांची राष्ट्रीय महत्त्वाची यादी राखली जाते, आणि विंबल्डनचे अंतिम सामने सर्वांना विनामूल्य पाहता यावेत म्हणून तीत समाविष्ट आहेत. आपल्याकडे १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, क्रिकेटच्या प्रक्षेपणावरून उद्भवलेल्या वादात, आकाशलहरी ही सार्वजनिक संपत्ती होय, असा निर्णय दिला. २००७ च्या अधिनियमाने तर राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे चित्र प्रसार भारतीस देणे खाजगी वाहिन्यांवर बंधनकारक केले.

कृष्णन यांचे १९६० चे यश आपल्या वाडवडिलांनी वर्तमानपत्रांत वाचले. मुंबईस दूरचित्रवाणी केंद्र आले तेच मुळी २ ऑक्टोबर १९७२ रोजी. पुढे १९९९ मध्ये लिअँडर पेस याने महेश भूपतीसह विंबल्डनच्या दुहेरीचे विजेतेपद मिळविले, तोवर काळ पालटला होता. पेसचे वडील, १९७२ च्या ऑलिंपिकमधील हॉकीपटू वेस पेस, मूळचे गोव्याचे. त्यामुळे तो विजय गोमंतकीयांना आपल्याच घरचा वाटला. एका शिलिंगाच्या तिकिटापासून येथवरच्या या प्रवासातून एकच सिद्धांत निघतो. देखाव्यावर मालकी नसेल, पण दारावर असते. आणि ते दार किती उघडे राहावे याची चिंता दार राखणाऱ्यावर सोपवून चालत नाही. ती पाहणाऱ्या समाजानेच वाहिली पाहिजे.