सामायिक फोल्डरमधील फाइल उघडत नाही, तेव्हा...

महाड : किल्ले रायगडाच्या पायथ्याशी वसलेल्या पाचाडपासून तालुक्याचे ठिकाण असलेले महाड सुमारे २५ किलोमीटरवर आहे. एखाद्या दाखल्यासाठी हे अंतर कापून आलेल्या ग्रामस्थाला ‘फाइल उघडत नाही, उद्या या’ असे उत्तर मिळाले, तर त्याचा दिवस, एसटीचे भाडे आणि शेतावरची मजुरी अशा तिन्ही गोष्टी वाया जातात. कार्यालयातील संगणक परस्परांना जोडून एकाच सामायिक फोल्डरमध्ये दस्तऐवज ठेवण्याची पद्धत आता तालुका व ग्रामपातळीवर, तसेच शाळा आणि पतसंस्थांमध्येही रुळली आहे. मात्र, या फोल्डरमधील वर्ड किंवा एक्सेलची फाइल उघडताना येणाऱ्या अडचणींची कारणे वेगवेगळी असतात. ती ओळखता आली, तर बहुतेक वेळा तंत्रज्ञाची वाट पाहावी लागत नाही.

आधी दोष कोठे आहे ते पाहावे

पहिला प्रश्न असा, की फोल्डरच उघडत नाही, की फोल्डर उघडतो पण त्यातील फाइल उघडत नाही? फोल्डर दिसत नसेल, तर दोष जोडणीत, परवानगीत किंवा विंडोजच्या मांडणीत असतो. फोल्डर दिसतो, पण त्यातील एकच फाइल अडते, तर दोष त्या फाइलच्या कुलुपात, नावात किंवा स्वरूपात शोधावा. सर्वच फाइल एका विशिष्ट संगणकावर अडत असतील आणि शेजारच्या संगणकावर उघडत असतील, तर त्या एका संगणकाची सुरक्षा मांडणी तपासावी. ही विभागणी केल्याखेरीज सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकण्याचा खटाटोप व्यर्थ ठरतो.

‘दुसऱ्याने उघडली आहे’

सर्वाधिक आढळणारी तक्रार कुलुपाची. वर्डमध्ये फाइल उघडताच त्याच फोल्डरमध्ये एक लहानशी, लपलेली फाइल तयार होते. तिच्या नावाच्या आरंभी ‘~$’ ही चिन्हे असतात आणि तिच्यात फाइल उघडणाऱ्याचे नाव नोंदलेले असते. फाइल रीतसर बंद केली, की ही नोंद आपोआप पुसली जाते. पण काम सुरू असताना वीज गेली किंवा संगणक मध्येच बंद पडला, तर ती तशीच राहते. मग प्रत्यक्षात कोणीही फाइल उघडलेली नसताना, ती दुसऱ्याच्या वापरात असल्याचा संदेश येतो. पावसाळ्यात विजेचा लपंडाव सोसणाऱ्या भागात हे वारंवार घडते.

अशा वेळी सर्व संगणकांवर ती फाइल बंद असल्याची खात्री करावी, लपलेल्या फाइल दाखविण्याची सोय सुरू करावी आणि केवळ ‘~$’ने सुरू होणारी नोंद काढून टाकावी. मूळ फाइलला हात लावू नये. एवढ्याने भागले नाही, तर ज्या संगणकावर फोल्डर आहे, तेथील ‘कॉम्प्युटर मॅनेजमेंट’मधील ‘शेअर्ड फोल्डर्स’ या भागात उघड्या फाइलची यादी मिळते. तेथून अडकलेली फाइल बंद करता येते. संदेशात दिसणारे नाव ऑफिसच्या मांडणीत भरलेले असते. सर्व संगणकांवर पुरवठादाराने एकच नाव भरून दिले असेल, तर खरा वापरकर्ता कोण हे कळत नाही. म्हणून प्रत्येक संगणकावर ज्याचे त्याचे किंवा टेबलाचे नाव भरावे.

फाइल अडली, की तिची प्रत आपल्या संगणकावर उतरवून काम पुढे रेटण्याचा मोह होतो. येथेच खरा धोका आहे. घरपट्टीच्या ‘नमुना ८’सारख्या नोंदवहीच्या दोन प्रती झाल्या, की एकीत केलेली दुरुस्ती दुसरीत नसते. पुढे कोणती प्रत खरी, याचा वाद नागरिकाच्या माथी येतो.

संरक्षक पडदा

२०१० च्या ऑफिसपासून ‘प्रोटेक्टेड व्ह्यू’ ही सोय आली. इंटरनेटवरून आलेली फाइल प्रथम फक्त वाचण्यासाठी उघडते; बदल करण्याची मुभा वापरकर्त्याने द्यावी लागते. कार्यालयातलीच फाइल या पडद्याआड का जाते, याचे अनेकांना कोडे पडते. सर्व्हरचा पत्ता नावाऐवजी १९२.१६८.१.५ अशा आकड्यांत दिला, तर त्यातील टिंबांमुळे विंडोज त्या ठिकाणाची गणना इंटरनेटमध्ये करते. तीच फाइल संगणकाच्या नावाने उघडली, तर ती स्थानिक मानली जाते. कधी कधी या पडद्यामुळेच फाइल ‘खराब’ असल्याचा संदेश येतो आणि धडधाकट फाइल टाकून दिली जाते.

उपाय सोपा आहे. सामायिक फोल्डर संगणकाच्या नावाने जोडावा किंवा ‘इंटरनेट ऑप्शन्स’मधील ‘लोकल इंट्रानेट’च्या यादीत त्या सर्व्हरचा पत्ता घालावा. संपूर्ण संरक्षणच बंद करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो मानू नये. २०२२ पासून मायक्रोसॉफ्टने इंटरनेटवरून आलेल्या फाइलमधील मॅक्रो मुळातच रोखले आहेत. आकड्यांच्या पत्त्यावरील एक्सेल तक्ते एकाएकी चालेनासे झाले असतील, तर त्यामागे हेही कारण असू शकते.

जुना संगणक, नवे विंडोज

नवा संगणक आला आणि जुन्या संगणकावरील फोल्डर दिसेनासा झाला, हा अनुभवही सार्वत्रिक आहे. विंडोजचे संगणक ‘एसएमबी’ या पद्धतीने फाइलची देवाणघेवाण करतात. विंडोज एक्सपी केवळ तिची पहिली आवृत्ती जाणते. १२ मे २०१७ रोजी जगभर पसरलेल्या ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर विषाणूने याच आवृत्तीतील त्रुटीचा फायदा घेतला. त्रुटी बुजविणारी दुरुस्ती त्याच वर्षीच्या मार्चमध्ये उपलब्ध झाली होती, पण असंख्य संगणकांवर ती बसविलेलीच नव्हती. २०१७ च्या अखेरीस आलेल्या विंडोज १० च्या आवृत्तीपासून ही जुनी पद्धत नव्या संगणकांवर आपोआप बसविली जात नाही. २०२४ च्या विंडोज ११ आवृत्तीत आणखी कडक नियम आले आणि ‘प्रो’ प्रकारातही पासवर्डविना पाहुणा म्हणून फोल्डर उघडणे मुळात बंद झाले.

जुनी पद्धत पुन्हा सुरू करून देणारे तंत्रज्ञ भेटतात. तो मार्ग म्हणजे दाराची कडी काढून ठेवण्यासारखे आहे. त्याऐवजी जुन्या संगणकावरील दस्तऐवज नव्यावर हलवावेत आणि प्रत्येक कर्मचाऱ्याला स्वतंत्र नाव व पासवर्ड द्यावा. विंडोज १० चा सर्वसाधारण आधारही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे.

लांबलचक नावे

फोल्डरात फोल्डर आणि त्यात पुन्हा फोल्डर, अशी रचना केली, की फाइलचा पूर्ण पत्ता लांबतो. विंडोजची जुनी मर्यादा २६० चिन्हांची, तर एक्सेलची २१८ चिन्हांची आहे. मराठी नावांत ही मर्यादा लवकर गाठली जाते. ‘ग्रामपंचायत’ या शब्दात डोळ्यांना सहा अक्षरे दिसतात, पण काना, अनुस्वार आणि हलन्त वेगळे मोजले गेल्याने संगणकाच्या लेखी ती ११ चिन्हे होतात. ‘प्रमाणपत्र’ पाच अक्षरांचे, पण १० चिन्हांचे. सामायिक फोल्डरला ड्राइव्हचे एक अक्षर देऊन जोडल्यास पत्ता आखूड होतो. एकाकडे ड्राइव्हचे अक्षर आणि दुसऱ्याकडे पूर्ण पत्ता असेल, तर तीच फाइल एकाकडे उघडते व दुसऱ्याकडे अडते.

उघडते, पण वाचता येत नाही

फाइल उघडते, मात्र मराठीऐवजी रोमन अक्षरांचा गोंधळ दिसतो, हा नेटवर्कचा दोष नव्हे. श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर असाच दिसतो. युनिकोडमध्ये देवनागरीचा समावेश १९९१ पासून आहे. जुने दस्तऐवज एकदाच युनिकोडमध्ये रूपांतरित करून ठेवणे हाच त्यावरचा कायमचा इलाज. तसेच २००७ च्या ऑफिसने फाइलचे स्वरूप बदलले. त्याआधीच्या ऑफिसला नवी फाइल उघडण्यासाठी जे पूरक सॉफ्टवेअर लागे, ते मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये मागे घेतले.

दप्तर सांभाळण्याची परंपरा

शिवछत्रपतींच्या काळात कारभारातील फारसी शब्दांना पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश सिद्ध झाला. तरी ‘दप्तर’ हा फारसी शब्द मराठीत टिकला, आणि दप्तर जपण्याची जबाबदारीही. २१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाला लागलेल्या आगीने कागदी फाइल किती क्षणभंगुर असतात, हे दाखविले. जुलै २०२१ च्या महापुरात महाड शहरात शिरलेल्या पाण्याने तळमजल्यावरील कागद आणि संगणक दोहोंनाही सोडले नाही. एकाच खोलीतील एकाच संगणकावर सर्व दस्तऐवज असतील, तर कुलूप, पडदा आणि पासवर्ड यांची चर्चा निरर्थक ठरते.

म्हणून सामायिक फोल्डरची एक प्रत दररोज वेगळ्या साधनावर घ्यावी आणि किमान एक प्रत दुसऱ्या इमारतीत, उंचावर ठेवावी. प्रतीचे साधन काम झाल्यावर संगणकापासून काढून ठेवावे. जोडून ठेवलेल्या साधनावरही विषाणू पसरतो. महिन्यातून एकदा त्या प्रतीतील एखादी फाइल उघडून पाहावी. जी प्रत गरजेच्या दिवशी उघडत नाही, तिला प्रत म्हणता येत नाही.